गोव्यातल्या आंदोलनांचा डेटा: वर्तमानपत्रांतून नोंदी कशा करायच्या, कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

प्रश्न: कुशावतीकाठ

नमस्कार मंडळी. २०१८ ते २०२४ या सात वर्षांत जमीन, खाण, पाणी आणि मोठे प्रकल्प या विषयांवर गोव्यात जी आंदोलने झाली, त्यांची घटनावार यादी तयार करायची आहे. पुढे ती तालुकावार मांडून निवडणुका आणि जमीन रूपांतराच्या निर्णयांशी ताडून पाहायची आहे.

एसीएलईडी या संघर्ष-आंदोलनांच्या जागतिक नोंदसंग्रहाचा तयार डेटा भारतासाठी २०१६पासून आहे, पण गोव्याच्या नोंदी विरळ वाटतात. बातम्यांतून यंत्राने घटना टिपणाऱ्या जीडेल्टमध्ये उलट नुसता पूर आहे. म्हणून वर्तमानपत्रे स्वतः वाचून नोंदी कराव्यात असे ठरते आहे. अडचणी चार: (१) कोणती आणि किती वर्तमानपत्रे घ्यावीत? सगळे अंक वाचणे शक्य नाही. (२) 'एक आंदोलन' कशाला म्हणायचे? (३) 'हजारोंचा जमाव' या शब्दांचा आकडा कसा करायचा? (४) पोलिसांकडची माहिती मागावी का, आणि लोकांची नावे हाताशी आली तर त्यांचे काय करावे?

उत्तर: जुनी फाईल

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकले की पुढचे सगळे गणित बरोबर येऊनही उत्तर चुकते.

गोव्यात एका भाषेच्या वर्तमानपत्रांवर यादी उभी करू नका. सत्तरी, डिचोली, पेडण्यातल्या लहान आंदोलनांना मराठी दैनिकांत जागा मिळते. वार्ताहरांचे जाळे तिथे आहे. सासष्टी आणि मुरगावच्या किनारपट्टीवरची चर्चबाहेरची सभा किंवा मच्छीमारांची बैठक इंग्रजी दैनिकांत आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत आधी दिसते. फक्त मराठी वाचाल तर सासष्टी शांत वाटेल, फक्त इंग्रजी वाचाल तर सत्तरी. मग तुम्ही आंदोलनांचा नकाशा म्हणून जे छापाल तो वार्ताहरांचा नकाशा असेल. किमान दोन मराठी, दोन इंग्रजी घ्या. शक्य असेल तर 'भांगरभूंय' हे कोकणी दैनिक जोडा.

एकदा संच ठरला की सातही वर्षे तोच ठेवा. मधेच एखादे पोर्टल जोडले की त्या वर्षी आंदोलने 'वाढतात'. संचात घेतलेले दैनिक मधेच बंद पडले तर उलटे होते: 'सुनापरान्त' हे कोकणी दैनिक २०१५मध्ये बंद झाले, त्यामुळे त्याआधीची मालिका जोडणाऱ्यांना हा खड्डा लागतोच. पोर्टलच्या बातम्या वाया घालवू नका, पण वेगळ्या रकान्यात ठेवा आणि कल काढताना त्या बाजूला काढा.

आता किती अंक. चार दैनिके, सात वर्षे म्हणजे दहा हजारांवर अंक. एक अंक नीट चाळायला पंधरा मिनिटे धरली तरी अडीच हजार तास होतात. नमुना घ्यावाच लागेल. युरोपातल्या एका गाजलेल्या अभ्यासात फक्त सोमवारचे अंक घेतले होते, कारण तिथे मोर्चे शनिवार-रविवारी निघत. ती युक्ती इथे आणू नका. आपल्याकडे रविवारी ग्रामसभा असतात, विशेषतः जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात. सोमवारचा अंक त्यांनीच भरलेला असतो, आणि पणजीच्या आझाद मैदानावरचे कर्मचाऱ्यांचे, कंत्राटी कामगारांचे, टॅक्सीवाल्यांचे आठवड्याच्या मधले धरणे हातातून निसटते. त्यापेक्षा प्रत्येक महिन्यातून चिठ्ठी काढून एक पूर्ण आठवडा निवडा. ८४ महिने, म्हणजे ८४ आठवडे, चार दैनिकांचे २३५२ अंक, साधारण ५९० तास. दोघांत सहा महिन्यांचे काम.

याला एक जोड हवी. विधानसभेचे अधिवेशन चालू असते तेव्हा पणजी-पर्वरीत आंदोलनांची गर्दी होते. ते दिवस चिठ्ठीवर सोडू नका. अधिवेशनाचे सगळे दिवस वेगळा थर धरून पूर्ण वाचा आणि सरासरी काढताना त्यांना त्यांच्या प्रमाणातच वजन द्या.

पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात आणि गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या फायली चाळता येतात. जाताना एक तक्ता बरोबर न्या: उभे दैनिक, आडवी तारीख, आणि प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक खूण. 'अंक पाहिला, घटना आहे', 'अंक पाहिला, घटना नाही', 'अंक मिळाला नाही'. दुसरी आणि तिसरी खूण एक झाली की शून्य आणि रिकामे यातला फरक कायमचा जातो. २०२०च्या टाळेबंदीत छापील अंकांचे वितरण विस्कळीत झाले होते, आणि चतुर्थी-दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर अंकच निघत नाहीत. ते दिवस शांततेचे मानले गेले तर चूक होईल.

ई-पेपरवर शब्द टाकून शोधायचा मोह होईल. जपून. कित्येक मराठी अंकांच्या पीडीएफमध्ये जुने, युनिकोड नसलेले फाँट आहेत. शोध काहीच सापडत नाही म्हणून सांगतो आणि बातमी पानावर समोर असते. जिथे शोध चालतो तिथे 'मोर्चा' टाकलात तर युवा मोर्चा, महिला मोर्चा यांच्या पक्षीय नेमणुका येतात, आणि पावसाळ्यात 'धरणे' टाकलेत तर साळावली आणि अंजुणे धरणांचा पाणीसाठा.

उत्तर: कोडबुक

वरचे सगळे मान्य. दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

घटना म्हणजे: तीन किंवा अधिक माणसे, सार्वजनिक किंवा सर्वांना दिसेल अशी जागा, ठरावीक दिवस, आणि सत्ता असलेल्या कोणाकडे तरी मागणी किंवा विरोध. चारही अटी हव्यात. पत्रकार परिषद, निवेदन देणे, न्यायालयात याचिका या तुमच्या यादीत घटना नाहीत. पण शंभर माणसे घोषणा देत निवेदन द्यायला गेली तर तो मोर्चा. एकट्या माणसाचे आमरण उपोषण आकड्याच्या अटीत बसत नाही, तरी घ्यावे, पण अपवाद म्हणून कोडबुकात, म्हणजे नोंदीच्या नियमांच्या वहीत, आधीच लिहून ठेवा. मागाहून केलेला अपवाद नोंदी करणाऱ्या दुसऱ्या वाचकाला कळत नाही.

ग्रामसभेतला गदारोळ हा इथला खरा पेच आहे. ग्रामसभा कायद्याने होते, लोक तिथे हक्काने येतात. सभेत प्रकल्पाविरोधात ठराव झाला तर ती घटना नव्हे. त्याला वेगळा रकाना द्या, तो फार मोलाचा आहे. लोकांनी सरपंचांना घेरले, सभा उधळली, किंवा बाहेर पडून पंचायतीसमोर बसले तर घटना.

एक बातमी घेऊन पाहू. समजा १४ तारखेच्या अंकात असे आले: 'सांगे, दि. १३ (प्रतिनिधी): प्रस्तावित प्रकल्पाला विरोध करण्यासाठी ग्रामस्थांनी रविवारी सकाळी पंचायत कार्यालयासमोर ठिय्या मारला. मोठ्या संख्येने महिला उपस्थित होत्या. मागणी मान्य न झाल्यास सोमवारपासून साखळी उपोषण छेडण्याचा इशारा देण्यात आला.'

तारीख १४ नाही, आणि १३ही न तपासता धरू नका. कॅलेंडर काढून बातमीतला रविवार कोणत्या तारखेचा ते शोधा आणि तीच टाका; अंकाची तारीख वेगळ्या रकान्यात. प्रकार: ठिय्या. जागा: पंचायत कार्यालय, पण गावाचे नाव बातमीत नाही, 'सांगे' म्हणजे तालुकाही असू शकतो; म्हणून जागेची अचूकता 'तालुका' एवढीच. गाव अंदाजाने भरू नका. संख्या: 'मोठ्या संख्येने' हे शब्द जसेच्या तसे, आकड्याचा रकाना रिकामा. आणि 'इशारा' ही घटना नव्हे. आपल्याकडे इशाऱ्याच्या बातम्या उदंड. त्या मोजल्या तर यादी फुगते. पण टाकूनही देऊ नका. 'जाहीर केलेली कृती' आणि 'जाहीर केलेली तारीख' असे दोन रकाने ठेवा, म्हणजे पुढच्या अंकांत ते उपोषण खरेच बसले का ते तपासता येते. जाहीर झाले ते तसेच घडले असे धरू नका: १६ जानेवारी २०२३ची म्हादई नदीच्या प्रश्नावरची सभा आधी साखळी शहरात ठरली होती, झाली विर्डीत.

जागेचे दोन रकाने करा: आंदोलन कुठे झाले, आणि प्रश्न कुठला. १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री लोक रेल्वेरुळांवर जमले ते चांदरला, सासष्टीत. त्या वेळच्या चर्चेत मोळे, म्हणजे धारबांदोडा तालुका, रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी हे सगळे एकत्र होते. एकच रकाना असेल तर एक वाचक सासष्टी लिहील, दुसरा धारबांदोडा, आणि तालुकावार नकाशाचे तीन तेरा वाजतील.

वाचक दोन ठेवा. पहिल्या शंभर बातम्या दोघांनी एकमेकांना न विचारता कोड करायच्या, मग रकान्यागणिक क्रिपेनडॉर्फचा अल्फा, म्हणजे दोघांचे किती जुळते ते सांगणारा आकडा, काढायचा. ०.८०च्या वर असेल तर पुढे चला, ०.६६७च्या खाली असेल तर तो रकाना वापरू नका, व्याख्या पुन्हा लिहा. 'प्रकार' आणि 'तारीख' सहज जमतात. बिघडते ते 'मागणी' आणि 'आयोजक' इथे, कारण बातमीत पंच, आमदार, गावातली समिती, बाहेरून आलेली संघटना सगळे एकाच वाक्यात येतात. शंभरावर थांबू नका. काम चालू असताना दर महिन्याला दहा टक्के बातम्या पुन्हा दोघांकडून करून घ्या. माणूस हळूहळू आपलीच व्याख्या बदलत जातो आणि त्याला ते कळत नाही.

कुशावतीकाठ

फार उपयोग झाला, आभार. दोन गोष्टी अडल्या. साखळी उपोषण वीस दिवस चालले तर ती एक घटना की वीस? आणि सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटी प्रकल्पाविरुद्ध झाले तसे महिनोन् महिने चाललेले आंदोलन कसे नोंदवायचे?

उत्तर: कोडबुक

एक दिवस, एक जागा, एक ओळ. वीस दिवसांचे उपोषण म्हणजे वीस ओळी, पण सगळ्यांना एकच मोहीम-क्रमांक. मग मोजताना दोन्ही वाटा मोकळ्या राहतात: आंदोलनाचे दिवस मोजायचे तर ओळी मोजा, आंदोलने मोजायची तर क्रमांक मोजा. आधीच एक ओळ केलीत तर मागे वळता येत नाही. मधल्या ज्या दिवशी बातमी नाही त्या दिवसाची ओळ 'गृहीत' अशी खूण करून भरा.

मेळावलीलाही तसेच. गुळेलीच्या परिसरातले सर्वेक्षण अडवणे, ६ जानेवारी २०२१चा अश्रुधूर, नंतर वाळपईतली आणि पणजीतली निदर्शने या वेगवेगळ्या ओळी, मोहीम एक. पोलिसांची कृती आंदोलकांच्या कृतीत मिसळू नका. 'पोलिसांनी काय केले' हा स्वतंत्र रकाना: उपस्थित, अडवले, ताब्यात घेतले, लाठी, अश्रुधूर. बातमीत 'झटापट' असेल तर 'झटापट' असेच लिहा. सुरुवात कोणी केली हे वाचकाने ठरवायचे नाही.

१६ जानेवारी (जनमत कौल), ३० मे (घटक राज्य), १८ जून (क्रांती दिन), १९ डिसेंबर (मुक्ती दिन) या दिवशी स्मरणाचे कार्यक्रम होतात. मागणी नसेल तर ते घेऊ नका.

उत्तर: तिसवाडीची नोंद

गावांच्या नावांवर एक भर. मराठीत केरी, इंग्रजीत त्याचेच दोन-तीन प्रकारचे लेखन, आणि गोव्यात केरी एक नाही: पेडण्यात, सत्तरीत आणि फोंड्यात. नायलॉन सिक्स-सिक्स प्रकल्पाविरुद्धचे नव्वदच्या दशकातले आंदोलन फोंड्याच्या केरीचे. मशीनने नावावरून अक्षांश-रेखांश काढले तर कोणते केरी येईल याची खात्री नाही. म्हणून आधी गावांची एक मुख्य यादी करा: मराठी नाव, इंग्रजी लेखनाचे सगळे प्रकार, पंचायत, तालुका आणि केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा क्रमांक. वाचकाने नाव टंकायचेच नाही, यादीतून निवडायचे. १९१ पंचायतींची यादी एकदा केली की पुढची सगळी कामे त्यावर चालतात. मालिका मागे नेणार असाल तर धारबांदोडा हा तालुका नंतर वेगळा झाला, आधीच्या नोंदी बहुतेक सांगे तालुक्यात सापडतील हे ध्यानात ठेवा.

उत्तर: मोजदाद

तिसरा प्रश्न, आणि तयार डेटाबद्दल थोडे.

संख्येचे तीन रकाने करा: बातमीतले शब्द, कोणी सांगितले (आयोजक, पोलीस, वार्ताहर), आणि श्रेणी. श्रेणी अशी: १०पेक्षा कमी, १० ते ९९, १०० ते ९९९, १००० ते ९९९९, त्यापुढे. 'शेकडो' तिसऱ्या श्रेणीत, 'हजारो' चौथ्या श्रेणीत जाते. 'हजारो'चे २००० आणि 'शेकडो'चे २०० करून बेरीज करणारे पाहिले आहेत. ती बेरीज कोणत्याही कामाची नाही. आयोजक आणि पोलीस यांचे आकडे वेगळे असतील तर दोन्ही ठेवा, सरासरी काढू नका.

फोटो किंवा ड्रोनचे चित्र उपलब्ध असेल तर क्षेत्रफळावरून तपासता येते. गर्दी जितक्या जागेत आहे तितका बहुकोन नकाशावर आखा. मोकळी गर्दी, माणूस सहज चालू शकतो: चौरस मीटरला एक. दाट: दोन ते अडीच. चारच्या वर म्हणजे खांद्याला खांदा, ते फक्त मंचाजवळ. १२ मीटर रुंद रस्त्याचा ४० मीटर तुकडा ४८० चौरस मीटर. मोकळी गर्दी असेल तर पाचशेच्या आत, दाट असेल तर हजार ते बाराशे. त्यावर बातमीत 'पाच हजार' असेल तर आकडा कोणाचा ते पाहा. चालत्या मोर्चासाठी हे चालत नाही; तिथे एका ठिकाणी उभे राहून मिनिटाला किती माणसे पुढून गेली ते मोजतात, मोर्चाच्या सुरुवातीला, मध्याला आणि शेवटी.

किती घटना सुटल्या याचा अंदाज दोन स्वतंत्र यादींवरून येतो. समजा मराठी दैनिकांत ६० घटना, इंग्रजीत ४५, दोन्हींत सापडलेल्या २७. ६० गुणिले ४५ भागिले २७, म्हणजे सुमारे १००. दोन्ही यादी एकत्र केल्यावर तुमच्याकडे ७८ आहेत. निदान २२ कोणीच छापल्या नाहीत. 'निदान' म्हणतो त्याला कारण आहे. मोठे आंदोलन सगळेच छापतात, त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि उत्तर कमी येते. म्हणून हे गणित संख्येच्या श्रेणीप्रमाणे आणि उत्तर-दक्षिण वेगवेगळे करा. लहान घटनांचाच अंदाज सगळ्यात ढिला राहणार, ते मान्य करून मांडणी करा. वॉशिंग्टनमध्ये परवान्यांच्या नोंदी आणि बातम्या ताडून १९८२ आणि १९९१ साठी जो अभ्यास झाला त्यातही हेच दिसले: परवाना घेतलेली बहुसंख्य निदर्शने बातम्यांत आलीच नाहीत, आणि येण्यात सर्वांत मोठा हात संख्येचा.

एसीएलईडी माणसे कोड करतात, त्यामुळे एकेक ओळ बहुधा विश्वासाची असते. गोव्यासाठी ती तपासणीला वापरा: त्यांची घटना तुमच्या यादीत नसेल तर का नाही ते शोधा. वापराच्या अटी वाचा. कच्चा डेटा पुन्हा वाटता येत नाही. जीडेल्ट यंत्र करते, आणि एकच घटना वेगवेगळ्या बातम्यांतून पुनःपुन्हा मोजते. त्यातल्या घटनाप्रकारांच्या क्रमांकांत निषेधाच्या नोंदी मूळ क्रमांक १४खाली येतात: १४१ निदर्शने, १४२ उपोषण, १४३ संप, १४४ रास्ता अडवणे, १४५ हिंसक. घटनेच्या जागेचा प्रकार 'राज्य' असेल तर बिंदू गोव्याच्या मध्यावर कुठेतरी बसतो. अशा ओळी तालुकावार कामातून काढून टाका. फिलिपाइन्समध्येही गोवा नावाचे गाव आहे, देशाचा रकाना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'किती घटना' यासाठी जीडेल्ट वापरू नये असे स्पष्ट मत आहे. कोणत्या आठवड्यात काहीतरी घडले आणि कोणते अंक जास्त बारकाईने वाचावेत, एवढ्यासाठी ठीक.

उत्तर: जुनी फाईल

वरच्या गणितात एक गोष्ट जोडतो. दोन यादी 'स्वतंत्र' असायला वर्तमानपत्रांची बाजूही वेगळी असावी लागते. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाआधी 'गोमन्तक' महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरोधात उभे होते. एकाच सभेची दोन वर्णने तिथे मिळतात. आजही खाणविषयक आंदोलनांत हे सांभाळावे लागते, कारण इथली काही मोठी दैनिके खाण उद्योगातल्या घराण्यांनी सुरू केली. घटना घडली की नाही यावर सहसा वाद नसतो. वाद असतो तो विशेषणांवर आणि कोणाचे म्हणणे आधी छापले यावर. म्हणून घटनेची ओळ सगळ्या दैनिकांना मिळून एक असू दे, पण संख्या, मागणी आणि पोलिसांची कृती हे रकाने दैनिकागणिक वेगळे ठेवा.

उत्तर: अर्जदार

चौथा प्रश्न. माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण काय मागायचे ते आधी ठरवा. 'आंदोलनांची सर्व माहिती द्या' असा अर्ज परत येतो. तक्ता मागा: ठरावीक कालावधीत मोर्चा, सभा, ध्वनिक्षेपक यांच्या परवानगीसाठी आलेले अर्ज; तारीख, जागा, अपेक्षित संख्या, मंजूर की नामंजूर. नावे मागू नका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३)प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो. तपास चालू असलेल्या गुन्ह्याबद्दल कलम ८(१)(एच) पुढे येईल, आणि बरेचदा ते लागूही असते. जमावबंदीचे आदेशही मागा. पूर्वी कलम १४४, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. आमदारांनी विचारलेल्या तारांकित-अतारांकित प्रश्नांची उत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात. अर्जाआधी ती चाळा, कधी कधी हवा तो तक्ता तिथेच असतो.

एफआयआर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशामुळे ऑनलाइन येतात. कलम बदलले आहेत, म्हणून दोन्ही शोधा: बेकायदेशीर जमावासाठी भारतीय दंड विधानाचे १४३, आता न्याय संहितेचे १८९, वाट अडवण्यासाठी ३४१, आता १२६, सरकारी कामात बळाने अडथळ्यासाठी ३५३, आता १३२. पण एफआयआर म्हणजे फक्त ती आंदोलने जिथे पोलिसांनी गुन्हा नोंदवायचे ठरवले. आंदोलनांचा हा नमुना नव्हे. पोलीस कसे वागले यासाठी वापरा, आंदोलने किती झाली यासाठी नाही.

आणि नावे. एफआयआर सार्वजनिक आहे म्हणून त्यातली नावे तुमच्या एक्सेलमध्ये उतरवायला परवानगी मिळाली असे समजू नका. विखुरलेल्या शंभर कागदांतली नावे एका फाईलीत गाव आणि तारखेसह आली की ती आंदोलकांची यादी होते, आणि ती कोणाच्याही हाती लागू शकते. नोंद करताना 'आयोजकाचा प्रकार' लिहा: ग्रामस्थ, मच्छीमार, कामगार संघटना, पक्ष. जाहीर पदावरची व्यक्ती सोडून कोणाचे नाव नको. स्वतः फोटो काढत असाल तर मागून किंवा उंचावरून काढा, चेहरे नकोत, आणि साठवण्याआधी फोटोतली जागेची आणि वेळेची लपलेली माहिती काढून टाका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे संदेश हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे. ग्रुपमध्ये कोणी ओळखीचे आहे म्हणून ते डेटात येऊ शकत नाहीत. मुलाखती घेतल्या तर नाव आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी फाईल वेगळ्या, कूटबद्ध ड्राइव्हवर ठेवा, आणि ती कधी नष्ट करणार ती तारीख संमतीपत्रातच लिहा.

डेटा प्रसिद्ध करताना तालुका आणि महिना एवढ्या पातळीवर द्या. ज्या घटनेतला खटला अजून चालू आहे तिची गावपातळीवरची ओळ खटला संपेपर्यंत मागे ठेवा. लहान वाड्यावर दहा घरे असतात, तिथे 'महिला, ठिय्या, पंचायतीसमोर' एवढ्यानेही माणूस ओळखता येतो.